ट्वीट बाई आणि उसवलेला टाका

आर्डिस ट्वीट बाईंचा कशावरच विश्वास नव्हता. दुधाच्या खोक्यावरच्या तारखेवर नाही, हवामानाच्या अंदाजावर नाही. नवऱ्यावर तर, तो होता तोवर, अजिबात नाही. आणि तो बिचारा जन्मभर मासे धरायला जातो म्हणून सांगून खरंच मासे धरत बसला होता.

उत्तर मिनेसोटातल्या टर्न लेकच्या शाळेत बाई नववीला कविता शिकवायच्या. कवितेवरही संशयच.

"उपमा ही शेजारीण," त्या सांगायच्या. "'सारखी, जशी' करत कुंपणापाशी थांबते. रूपक आगाऊ. थेट घरात शिरून खुर्चीत बसतं आणि म्हणतं, घरमालक मीच. अनुप्रास म्हणजे एकच अक्षर परत परत दार वाजवतंय. चेतनगुणोक्तीत तर दगडधोंडेसुद्धा माणसासारखे वागायला लागतात. सगळ्यांवर नजर ठेवा."

इथवर ठीक चालायचं. गाडं अडायचं ते अतिशयोक्तीपाशी. नाकातलं पाणी गोठेल अशी थंडी, आणि पोरं लिहून आणायची, 'काल जरा गार होतं.' पोरांचा काय दोष? गावच तसं. कोठार जळालं तर 'थोडी अडचण झाली', मुलीचं लग्न ठरलं तर 'बघू आता'. मोठं करून बोलणारा माणूस म्हणजे नक्की बाहेरगावचा.

अशा वर्गात मारेन लुंडेची कविता आली. मारेन म्हणजे मागच्या बाकावरची, स्वेटरच्या बाहीत हात ओढून बसणारी. तिनं लिहिलं होतं:

'हिवाळ्यात आमचं तळं तोंड शिवून बसतं.
बाबांनी बर्फात पाडलेलं भोक म्हणजे त्याचा एक उसवलेला टाका.
त्यातून आम्ही उन्हाळ्यासाठी गळ सोडतो.
उन्हाळा शंभर मैल खाली आहे.'

बाईंनी चष्मा पुसला, परत वाचलं. चेतनगुणोक्ती, रूपक, अतिशयोक्ती, आणि सगळं कसं जागच्या जागी. बाईंच्या मनात पहिला शब्द आला तो 'चोरी'.

शाळेचा नियम कडक. उतारा ढापलेला निघाला की शून्य, आणि वक्तृत्वाच्या चमूतून बाहेर. पुढच्या आठवड्यात शनिवारी चमू राज्यस्पर्धेला निघणार होता, आणि मागच्या बाकावरची ही मुलगी त्यात कशीबशी पोचली होती. सोमवारी बाईंनी मुख्याध्यापकांना नाव सांगितलं की तिची जागा गेली.

शुक्रवारी बाईंनी तिला थांबवून घेतलं. "ही तू लिहिलीस?"

मारेन बाहीशी बोलली. "तशी मीच. मदत झाली."

"कुणाची?"

"इकडून तिकडून थोडी. फार काही नाहीये त्यात."

घ्या. कबुलीच की. पण पुराव्याशिवाय बाईंनी कधी मांजरावरसुद्धा आळ घेतला नव्हता. शनिवारी त्या मारेनच्या बापाच्या, लुंडेच्या दुकानात गेल्या. गळाला लावायचे जिवंत बारीक मासे विकायचा तो. बाईंनी उभ्या जन्मात गळ धरला नव्हता, पण नुसतंच चौकशीला जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून मासे मागितले.

"मारेन कविता छान करते हं," बाईंनी खडा टाकला.

लुंडेनं पिशवीत पाणी भरलं. "करते काहीतरी."

"घरी कुणी मदत करत असेल."

"आम्ही सगळेच. थोडी थोडी."

हा माणूस कविता करणार? महिन्याकाठी चार वाक्यं बोलणारा? बाप-लेकींनी आधीच ठरवून ठेवलेलं दिसतंय, बाई मनात म्हणाल्या, आणि वळवळणारी पिशवी घरी नेऊन मोरीतल्या बादलीत रिकामी केली. दुसरं करणार काय त्यांचं.

रविवारी चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरचं जेवण. बाईंच्या खजुराच्या वड्यांचं ताट नेहमीसारखं अर्ध्या अर्ध्या तुकड्यावर आलं होतं. शेवटची वडी उचलायची तिथे कुणाची छाती नाही. जो येतो तो तिचा अर्धा भाग कापून घेतो, मग पावभाग, शेवटी चूरच राहतो. नवीन पाद्रीसाहेबांची बायको डार्ला टेक्ससची. तिनं उरलेला तुकडा अख्खा उचलून तोंडात टाकला. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"आर्डिस, तुम्ही केल्यात ना? अशी वडी मी जन्मात खाल्ली नाही."

"छे हो," बाई लगेच म्हणाल्या. "खोक्यावरची कृती. आणि बहिणीची मदत झाली. फार काही नाहीये त्यात."

ताटं पुसणारी बर्नीस, बाईंची शाळेपासूनची मैत्रीण, हळूच म्हणाली, "तुझी बहीण कधीची ॲरिझोनात राहायला गेलीय. तिथून ढवळते वाटतं?"

"गप गं," बाई म्हणाल्या, आणि तशाच हातात फडकं धरून उभ्या राहिल्या. वड्यांची कृती त्यांनीच, त्यांच्या एकटीच्या डोक्यानं, तीन हिवाळे खपून बसवली होती. आणि विचारलं की खोकं आणि बहीण.

"काय गं, बरं नाही का वाटत?" बर्नीसनं विचारलं.

"ठीक आहे. एका मुलीला चुकीचं विचारलं मी."

पण संशय असा एका वडीनं जातो थोडाच? सोमवारी मुख्याध्यापकांकडे जायच्या आधी बाईंनी मारेनला खिडकीशी नेलं. मैदानाच्या कडेला मार्चमधला काळपट बर्फ अजून पडून होता.

"हा कसा आहे? आत्ता सांग, उभ्या उभ्या."

मारेननं नाक ओढलं. "पाहुण्यासारखा. कोट चढवलाय, निघतो निघतो म्हणतोय, आणि तासभर दारातच उभा."

"उपमा," बाई म्हणाल्या. "कुणी सांगितली?"

"असंच. आजी म्हणाली असेल कधी."

"असेल हं," बाई म्हणाल्या. आजीची असली तर असेल. नसली तर आणखी बरं.

मुख्याध्यापक वाटच बघत होते; कुणीतरी कविता ढापलीय एवढं बाईंनी शुक्रवारीच त्यांच्या कानावर घातलं होतं. "मग? कुणाचं नाव?"

"कुणाचंच नाही. लुंडेची मुलगी शनिवारी स्पर्धेच्या बसमध्ये बसेल."

"आणि कविता कशी आहे?"

बाईंनी कागदावर लाल शेरा मारून तो त्यांच्यापुढे सरकवला. 'वाईट नाही.'

मुख्याध्यापक शेऱ्याकडे बघतच राहिले. लहानपणी तेही बाईंच्याच वर्गात होते, आणि त्यांच्या वाट्याला एवढं कधी आलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "जरा जास्तच नाही ना झालं?"

"एवढी अतिशयोक्ती चालते," बाई म्हणाल्या, आणि घरी गेल्या. बादलीतल्या माशांना खायला घालायचं होतं. त्यातला एक त्यांच्याकडे फार बघतो, असं त्यांचं मत झालं होतं.