बांधावरचा गवती चहा

गुंजवण्याच्या ठकुबाईंनी साठी ओलांडली, तरी चहाची पात त्या स्वतःच कापत. भाताच्या बांधावर गवती चहाचे वीसेक ठोंब होते, सासूने लावलेले. पात सावलीत वाळवायची, कातरायची आणि शिवऱ्याला हायवेलगत दुकान चालवणाऱ्या शगुफ्ताकडे धाडायची. शगुफ्ता पुड्या भरून वर ‘सेंद्रिय’ असं लेबल चिकटवायची. नवरा गेल्यावर ठकुबाईंच्या हातात स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच उत्पन्न होतं.

ऑगस्टात शगुफ्ता एक कागद घेऊन आली. पुण्याच्या एका दुकानदार बाईंनी चहा तपासून घेतला होता. भातावर मारायच्या कीटकनाशकाचा अंश त्यात निघाला होता.

“चहाला म्या कंदी फवारलं न्हाई,” ठकुबाई उसळल्या. “हितं येऊन बघ म्हनावं तुज्या बाईला.”

“मावशी, तुमच्या शब्दावर तर लेबल लावलं मी. पण त्या आता माल घेत नाहीत. मला जागा तरी दाखवा.”

दोघी शेतात गेल्या. ठकुबाईंचा मुलगा अमृत भाताचं शेवटचं खाचर फवारत होता. वारा पडलेला होता. एकही थेंब बांधाकडे येत नव्हता.

“बघ,” ठकुबाई म्हणाल्या.

काम संपल्यावर अमृतने पाठीवरचा पंप उतरवला. तळाला उरलेलं औषध त्याने बांधावर ओतलं. मग पंप दोनदा विसळला आणि ते पाणीही चहाच्या ठोंबांवर टाकलं.

“अहो, हे काय?” शगुफ्ता ओरडली.

“उरल्यालं हाय. भातावर दुबार मारलं तर पात करपती. वढ्यात वतावं तर खाली जनावरं पाणी पित्यात.” त्याने आईकडे पाहिलं. “आईनंच शिकवलंय की.”

सकाळचा चहा ठकुबाईंनी याच ठोंबांची पात घालून केला होता.

“मावशी, मी असं करते,” शगुफ्ता हळूच म्हणाली. “राहिलेल्या पुड्यांवरचं लेबल काढते. साधा गवती चहा म्हणून जाईल.”

“लेबल काढल्यावर औशद निघतंय व्हय गं?”

शगुफ्ताने हातातला कागद दुमडला.

“समद्या पुड्या माघारी आन. आन् अमृता, खुरपं न्हाई, कुदळ आन, हे ठोंब मुळासकट काढू. परसात न्हानीमागं एक ठोंब हाय, त्येचं फुटवं लावू. औशद बी मोजूनच कालवायचं आता.” मग त्या शगुफ्ताकडे वळल्या. “त्या बाईला फोन लाव.”

“मी सांगते ना त्यांना.”

“तू कशाला? चहा माजा हाय.”

पलीकडून आवाज आला, तसा ठकुबाईंनी मोबाईल दोन्ही हातांनी कानाला धरला.

“बाई, गुंजवण्याची ठकुबाई बोलती. तुमचा कागद खरा हाय. चूक आमच्याकडनंच झाली. औंदा चहा न्हाई.”

पलीकडच्या बाई काहीतरी विचारत राहिल्या.

“पुढल्या साली लावलेला निघंल,” ठकुबाई म्हणाल्या. “पर तवाबी माज्या सांगण्यावर घेऊ नगा. आदी तपासा.”