गरम इंजिन आणि आईचा सिलिंडर

दादाच्या मुलाची मुंज देवासला होती. आईला न्यायचं की नाही, यावर आमची आठवडाभर फोनाफोनी चालली. आईची फुप्फुसं दोन वर्षांपासून आखडत चालली आहेत. धारला घरी ती मशीनच्या ऑक्सिजनवर असते, बाहेर जायचं तर छोटा सिलिंडर. डॉक्टर म्हणाले, न्या, पण रस्त्यात रेंगाळू नका. मिनिटाला दोन लिटरने सोडला तर सिलिंडर अडीच तास पुरायचा. देवास सव्वादोन तासांवर. तिथे दादाने भाड्याची मशीन आणून ठेवली होती. गणित बसत होतं, आणि ते मीच बसवलं होतं.

गाडीचं मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. गेल्या दोन महिन्यांत ती दोनदा अडली होती, एकदा मांडूला आणि एकदा अमझेऱ्याच्या देवळापाशी. दोन्ही वेळा नीट चालत आली, थांबवली, दहा-पंधरा मिनिटांनी चावी फिरवली तर स्टार्टर जोरात फिरायचा पण इंजिन काही पेट घेईना. पाऊण तासाने आपोआप सुरू. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती गार झालेली असायची, आणि मिस्त्रीसमोर पहिल्याच चावीला सुरू व्हायची. त्याने आधी बॅटरी बदलली, मग पेट्रोलचा पंप. "अब नहीं होगा, दीदी," म्हणाला. मलाही तेच ऐकायचं होतं.

मुंजीच्या आदल्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी आम्ही निघालो. गाडीत आम्ही दोघीच. घाटाबिल्लोदच्या आसपास आईला बाथरूमला जायचं होतं म्हणून पेट्रोल पंपावर थांबले. सिलिंडर खांद्याला लावून, तिला धरून नेऊन आणेपर्यंत वीस मिनिटं गेली. परत येऊन चावी फिरवली.

स्टार्टर फिरला. फिरतच राहिला.

"काय झालं गं?" आईने मागून विचारलं.

"काही नाही, होतेय."

पाच-सहा वेळा करून पाहिलं. पंपावरचा एक म्हातारा माणूस आला आणि म्हणाला, "माँजी को अंदर बिठा दो, कूलर है." आई उतरायला तयार नव्हती. रुग्णवाहिकेला फोन लावला. जवळ एकही मोकळी नव्हती. चाळीस मिनिटं तरी लागतील म्हणाले. मग मिस्त्रीला फोन केला आणि त्याच्यावर ओरडले. त्याने ओरडू दिलं.

मग शांतपणे विचारलं, "दीदी, सेल्फ मारते वक़्त मीटर में आरपीएम का काँटा हिलता है क्या?"

हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. पुन्हा चावी फिरवली आणि या वेळी काट्यावरच नजर ठेवली. इंजिन घरघरत होतं, काटा शून्यावर मेल्यासारखा पडून होता.

"नहीं हिलता."

तो म्हणाला, "मेरी गलती है. क्रँक सेन्सर है." इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला आणि त्या काट्याला तो सेन्सर सांगतो. तापला की मुका होतो. मग कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलेलंच आहे, आणि तो ठिणगीही देत नाही, पेट्रोलही देत नाही. चालत्या गाडीत वारा लागतो म्हणून निभावतं. थांबलं की इंजिनाची सगळी धग त्याच्यावर चढते. म्हणून दर वेळी थांबल्यानंतरच घोटाळा व्हायचा.

"उसको ठंडा करो. पानी डालो, धीरे-धीरे."

बॉनेट उघडलं तर तोंडावर भट्टीसारखी वाफ आली. बॅटरीच्या खाली, गिअरबॉक्स जिथे इंजिनाला जुळतो तिथे काळ्या वायरचं एक छोटं टोक दिसेल, असं तो सांगत होता. मला सगळंच काळं दिसत होतं. शेवटी व्हिडिओ कॉल लावला. म्हाताऱ्याने मोबाइल धरला, मी खाली वाकून बोट ठेवत गेले. "ये नहीं... इसके नीचे... हाँ, यही." मनगट कुठेतरी टेकलं आणि भाजलं. म्हाताऱ्याने माठातलं पाणी आणलं. मी पातळ धारेने ओतायला लागले.

मधेच आईकडे बघायला गेले. सिलिंडरचा काटा मला वाटला होता तितका उतरला नव्हता. क्षणभर बरं वाटलं. मग आईची नखं दिसली. जांभळट. मान एका बाजूला कललेली. ऑक्सिजन कमी-जास्त करायची चकती मी दोनवर ठेवली होती, ती अर्ध्या लिटरवर होती.

"आई, हे कुणी केलं?"

तिने डोळे उघडले. "मीच. म्हटलं, पुरवून वापरावा. तू एवढी घाबरलीस..."

चकती पुन्हा दोनवर केली. मी तिच्यावर जन्मात ओरडले नव्हते तशी ओरडले. नखांवरचा रंग पालटेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, आणि मग पुन्हा पाणी.

तिसऱ्या तांब्यानंतर चावी फिरवली. काटा थरथरला, वर उठला, आणि इंजिन पेटलं.

"बंद मत करना," मिस्त्री फोनवरून ओरडत होता. "कहीं भी नहीं!"

सिलिंडरमध्ये जेमतेम तासाभराचं उरलं होतं. देवास दीड तासावर, धार पाऊण तासावर. मी गाडी वळवली.

"मुंज?" आईने विचारलं.

"गप्प बस, आई."

त्या पाऊण तासात मी आरशात तिची छाती हलतेय की नाही तेवढंच बघत होते. रेल्वे फाटक बंद असलं तर, ट्रक आडवा आला तर, आणि थांबल्यावर सेन्सर पुन्हा मुका झाला तर. धारच्या आमच्या गल्लीत वळले तेव्हा मी परत येतेय हे फोनवर ऐकून मिस्त्री दारात येऊन उभा होता. त्याने शेजाऱ्याला हाक मारली आणि दोघांनी आईला घरातल्या खुर्चीत बसवून उचलून आत नेलं, मशीनला जोडलं. मग मी पहिल्यांदा गाडीच्या टायरपाशी रस्त्यावरच बसले आणि रडले.

संध्याकाळी त्याने नवा सेन्सर बसवला, पण एवढ्यावर सोडलं नाही. गाडी तासभर पळवली, मुद्दाम उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली वीस मिनिटं बंद ठेवली आणि मला चावी दिली. "अब आप लगाओ." लागली. असं त्याने तीनदा करायला लावलं.

रात्री दादाला फोनवर सगळं सांगितलं, गाडीचं लपवलेलंही. तो रागावला, आणि त्याचं बरोबर होतं. आता आईला आणू नकोस, म्हणाला. आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"अरे, नातवाला भिक्षा कोण घालणार? या वेळी दोन सिलिंडर घेऊन येऊ."

पहाटे गार वाऱ्यात निघालो. मिस्त्री स्वतःची गाडी घेऊन आमच्या मागे इंदूरपर्यंत आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. देवासला मांडवात आई खुर्चीवर बसून होती, नाकात नळी, पायाशी सिलिंडर. मुंडावळ्या बांधलेला पोरगा समोर येऊन उभा राहिला तेव्हा तिने दोन्ही हातांनी ताट धरून भिक्षा घातली. थोडे तांदूळ खाली सांडले. दादाची बायको पुढे झाली, पण आईने तिला थांबवलं आणि उरलेले स्वतःच घातले.