ताडपत्रीच्या तंबूतली शेगडी

मी ताडपत्री उचलली तेव्हा धाकटी जाऊ बाजेवर पडली होती. तोंड उघडं. कुशीतलं बाळ लुळं. हाक मारली, खांदा हलवला. तिचा हात बाजेवरून खाली लोंबला तो तसाच राहिला. दोघांचे गाल लाल दिसत होते, गाढ झोपल्यासारखे. आत उभ्या उभ्या माझंच डोकं गरगरायला लागलं. बाजेखाली शेगडी धगधगत होती.

बाळाला उचललं आणि बाहेर अंगणात घोंगडीवर ठेवलं. दीर, तिचा नवरा, गोठ्याजवळ बैलांना पाणी पाजत होता. त्याला बोलावलं. दोघांनी मिळून जावेला बाजेसकट बाहेर ओढलं. पौषातली सकाळ, धुकं इतकं की विहीर दिसत नव्हती.

हा तंबू तलावावर जायचं म्हणून उभा केला होता. परसवाडा गावाच्या बाजूला एक तलाव आहे, त्याच्या पाळीवर सरकारने नुकताच बगीचा केला होता. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, झाली की सगळ्या घराने दोन बैलगाड्या जुंपून तिथे मुक्कामाला जायचं, हे दिराचं म्हणणं. तो तिरोडीच्या खाणीत कामाला होता, तिथूनच त्याने जुनी ताडपत्री आणली होती. तांदूळ, वांगी, पानगे भाजायला गोवऱ्या, सगळं ठरलं होतं. अडलं होतं ते धाकट्या जावेवर. तिचा सव्वा महिना नुकताच झाला होता. लग्न होऊन आल्यापासून ती विहिरीच्या पलीकडे गेली नव्हती. तिला जायचंच होतं.

सासूला मी मामी म्हणायची. मामी म्हणाली, तलावाची थंडी बाळंतिणीला सोसायची नाही, ती राहील घरी. जाऊ रात्री न जेवताच निजली. सकाळी दिराने आईला विचारलं, तंबू गरम ठेवला तर.

"बाजीखाली शेगडी ठिवल्याबिगर मी नेऊ देनार नाही," मामी म्हणाली. "आंधी इथं अंगनात निजून दाखव म्हना तिले. कुडकुडली तर तलाव गेला तिचा."

"तलाव जात नाही वं माय, माही सुट्टी जाते," दीर म्हणाला.

मग अंगणातच तंबू लावला. मामीने स्वतः ताडपत्रीच्या कडा मातीने दाबल्या, वारा शिरायला नको म्हणून. आमच्याकडे प्रत्येक बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी असतेच. माझ्या तिन्ही बाळंतपणांत होती. पण ती खोली कवेलूच्या छपराची, वरून हवा खेळते. ताडपत्रीतून काही बाहेर जात नाही, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. जाऊ हसत आत गेली. मी भाकरी थापायला बसले. बाळाची दुधाची वेळ टळून गेली, तरी रडणं ऐकू आलं नाही, तेव्हा मी उठले.

आता मामी धावत आली. बाजेवर सून, घोंगडीवर नातू, आणि वरून धुक्याचं पाणी पडतंय, हे पाहून ती माझ्यावरच धावली.

"बाळंतीन हाय ते. धुक्यात काहून आनलं तिले? आत ने. लेकरू गारठून मरंल."

तिने बाळाला उचललंसुद्धा. ती तंबूकडेच चालली होती. मी आडवी गेले आणि बाळ तिच्या हातातून काढून घेतलं. त्या घरात येऊन मला बारा वर्षं झाली होती, तिच्या हातातून मी पाण्याचा तांब्यासुद्धा कधी ओढला नव्हता.

"आत नाही नेत मी," म्हटलं. "आत माहंही डोकं फिरलं, मामी."

"मेलं तर तुह्या माथी."

"हौ. माह्या माथी."

दीर एकदा आईकडे पाहत होता, एकदा माझ्याकडे. मी त्याला सांगितलं की शेगडी उचलून बाहेर फेक आणि सायकल घेऊन डॉक्टरला आण. तो हलेना. त्यालाही वाटत होतं की आई बरोबर आहे, थंडीनेच बाळ गारठलंय. मी परत सांगितलं तेव्हा गेला.

बाळाला उपडं धरलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. सुईण मारते तशा. मामी माझ्या शेजारी उभी राहून मला शिव्या देत होती आणि देवाचं नाव घेत होती, दोन्ही एकाच दमात. बाळाचं अंग खरंच गार पडत चाललं होतं. तेव्हा मलाही वाटलं, तिचं खरं निघालं तर. पण आत नेलं नाही. लुगड्याच्या पदरात गुंडाळून पोटाशी धरलं आणि टिचक्या मारत राहिले.

आधी जावेला उलटी झाली. मग ती कण्हली. बाळ बऱ्याच वेळाने रडलं, मांजरीसारखं बारीक. मामी खाली बसली.

डॉक्टर आला तोवर ऊन पडलं होतं. त्याने दोघांना तपासलं, बंद तंबूत कोंडलेल्या कोळशाच्या विषारी वायूने झालं म्हणाला. जावेचं डोकं पुढे बरेच दिवस दुखत होतं. त्या वर्षी तलावावर कोणीच गेलं नाही. ताडपत्री दिराने धानाच्या ढिगावर टाकली.

जाऊ जगली. बाळही जगलं.