चांगलं फुप्फुस

भेस्तानला साड्यांच्या लूमवर मी तरुणपणापासून काम केलं. खोकला हटेना म्हणून फोटो काढला, तर उजव्या फुप्फुसात गाठ दिसली. सुई टाकून तपासलं, तरी नक्की काही कळेना. सर्जन म्हणाले, कॅन्सर असू शकतो, तेवढा भाग काढलेला बरा. बायकोने दुसऱ्या फुप्फुसाचं विचारलं. ते एकदम चांगलं आहे, असं ते म्हणाले. त्या भरवशावर आम्ही हो म्हटलं.

शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी होती आणि हात बांधलेले. मला वाटलं, ऑपरेशन आत्ताच संपलं. पण मधे बरेच दिवस गेले होते. काय झालं ते बायकोकडून कळलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई बाहेर येऊन तिच्याजवळ बाकावर बसल्या होत्या. त्यांनी हिंदीत समजावलं की, उजवीकडे कापायचं म्हणून ते फुप्फुस बंद ठेवलं आणि मशीनने सगळा श्वास एकट्या डाव्यात भरला. त्याला तो ताण सोसला नाही, ते आतून सुजलं. क्वचित होतं असं, कोणाची चूक नसते.

"म्हणजे चांगलं होतं तेच बिघडलं?" बायकोने विचारलं.

बाईंनी खाली बघत हो म्हणून मान हलवली.

मी वाचलो. मग गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हताच. कधीतरी नकळत होऊन गेलेल्या टीबीचा तो डाग होता. सर्जन हसतमुखाने अभिनंदन करून गेले. नंदुरबारहून भाऊ आला, देवाने राखलं म्हणाला आणि त्याने वॉर्डभर पेढे वाटले. मीही एक खाल्ला. इतका कडू पेढा आयुष्यात खाल्ला नव्हता.

सूज उतरली, पण श्वास पहिल्यासारखा झाला नाही. कारखान्यात परत गेलो, तर दुपारपर्यंतच धाप लागून खाली बसलो. शेठ चांगल्या शब्दांत म्हणाला, आराम करा. आता बायको साड्यांना लेस लावायला जाते आणि मी घरी भात लावतो.

मागच्या तपासणीला मी सर्जनना विचारलंच, "साहेब, ती गाठ तशीच राहू दिली असती तर?"

"काही झालं नसतं," ते म्हणाले. "पण ते तेव्हा कळणार कसं?"

त्यांचं खरं होतं. भांडायलासुद्धा जागा नव्हती. जिना आता जमत नाही, म्हणून बाहेर येऊन मी लिफ्टजवळच्या खुर्चीवर बसलो. शेवटी बायको म्हणाली, "चला, लिफ्ट आलीय."