व्याह्यांनी कौतुक केलं तो दिवस

आमच्या व्याह्यांच्या तोंडून कौतुक ऐकून खूश झालेला माणूस नगर जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं मध्यस्थी केली. जे जनावर घ्यायचं असतं त्याला नावं ठेवायची, आणि जे सोडायचं असतं त्याची तोंडभरून स्तुती करून पुढे सरकायचं, म्हणजे मालक दुखावत नाही, हा तिथला शिष्टाचार. गुडघ्यांमुळे त्यांचा बाजार सुटला, शिष्टाचार सुटला नाही. आमच्या मुलीला बघायला आले तेव्हा चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "पोरगी चालताना डावा पाय जरा भाईर टाकती." माझी पत्नी तडक आत गेली. तेव्हा होणाऱ्या जावयाने मला बाजूला घेऊन खुलासा केला, "काका, आबांना पसंत आहे. नसतं तर त्यांनी कौतुक केलं असतं आणि आम्ही निघालो असतो." लग्नात "जिलबी वातड हाय" असं म्हणत त्यांनी ती चार वेळा वाढून घेतली. मुलगी अजून आरशासमोरून जाताना डावा पाय बघते.

नात झाली ती आमच्याकडे, सावेडीत. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. डॉक्टरांनी सौम्य कावीळ असल्याचं सांगितलं होतं. बऱ्याच बाळांना होते, औषध नाही. दर दोन तासांनी अंगावर पाजायचं, झोपली असली तरी उठवून पाजायचं, उन्हात ठेवायचं नाही. पिवळेपणा पायांकडे उतरला किंवा बाळ पिईनासं झालं, तर थांबायचं नाही. त्याच दुपारी व्याही एसटीने आले. टोपी काढण्याआधी त्यांनी खोलीतली ट्यूब बंद केली. "टूबखाली म्हस बी गोरी दिसती," ते म्हणाले. मग पिवळा पडदा उतरवला. नातेवाइकांनी हौसेने दिलेली पिवळी दुपटी, टोपडी आणि एक पिवळी गोधडी गाठोड्यात बांधली, कारण पिवळ्या कापडाशेजारी पांढरं वासरूसुद्धा पिवळं दिसतं. शेवटी ते पत्नीकडे वळले.

"विहीणबाई, तेवढी साडी बदला."

"बदलते. आणि मग मलाही उभी करा बाजारात!"

"तुमाला कोन घेनार?" व्याही म्हणाले. त्यांच्या हिशोबाने हा मोठाच सन्मान होता, पण तो समजावून सांगायला जावई घरात नव्हता.

रोज सकाळी आठला नातीची पाहणी होई. ऊन लागणार नाही पण उजेड पुरेल अशा बेताने मुलगी तिला दाराशी घेऊन बसे. व्याही हात धुऊन येत, एका बोटाने कपाळ, छाती, पोट, मांडी या क्रमाने हलकेच दाबत आणि बोट उचलताच उमटणारा ठसा बघत. "कपाळाला हाय. छातीला हाय. खाली न्हाई. कान लई मोठं. नाक तर आमच्या घरचं न्हाईच." पहिल्या दिवशी पत्नीला याचा राग आला. दुसऱ्या दिवशी कान आणि नाक यांचा उल्लेख झाल्याशिवाय ती स्वयंपाकघरात परत जाईना. शेजारच्या काकूंनी ग्लुकोजचं पाणी पाजायला सुचवलं तेव्हा व्याही म्हणाले, "पान्यानं प्वाट भरल्यावर दूध काय डोक्यात जानार?" दिवसभर ते खोलीबाहेर खुर्ची टाकून बसत आणि दर दोन तासांनी हाक मारत, "सूनबाई, उठवा तिला. तळवं चोळा." नात मात्र चार घोट घेऊन पुन्हा झोपे. त्यावरही "आळशी हाय" असा शेरा मिळाला आणि आम्ही निर्धास्त राहिलो.

पाहणीच्या पाचव्या दिवशी त्यांचं बोट मांडीवर थांबलं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग गुडघ्याखाली दाबलं. मग सरळ उभे राहून म्हणाले, "एक नंबर पोर हाय. काय नाक, काय रंग! लाखात एक." आणि फाटकाजवळ जाऊन बसले.

पत्नीचा चेहरा खुलला. "बघा, आवडली एकदाची!"

जावई आदल्या रात्रीच आला होता. त्याने हातातला चहा तसाच ठेवला. "आई, बाळाची पिशवी भरा. दवाखान्यात जायचंय."

रक्त तपासलं. आकडा वाढला होता, पण वयाच्या मानाने मर्यादेच्या आत होता. डॉक्टर म्हणाले, आज काविळीच्या निळ्या दिव्याखाली ठेवायची गरज नाही. बाळ झोपेत कमी पितंय, दर दोन तासांनी नीट पाजा, उद्या पुन्हा तपासू, वाढला तर दाखल करावं लागेल. रात्रीची आमटी खारट झाली होती. व्याही नाव न ठेवता जेवले.

"व्याही, आमटी खारट झालीय हो," पत्नीच म्हणाली.

"न्हाई. ग्वाड हाय."

पत्नीच्या हातातली पळी पातेल्यात तशीच राहिली. त्या रात्री व्याह्यांना एकदाही हाक मारावी लागली नाही. दोन तास भरायच्या आधीच आम्ही सगळे तिच्याभोवती उभे असू. पहाटेच्या सुमाराला तिने प्रथमच पोटभर दूध घेतलं आणि थांबवल्यावर रडली.

सकाळी आठला मुलगी तिला घेऊन दाराशी बसली. व्याही बाहेर ओट्यावर पाठ करून उभे होते.

"आबा, बघताय ना?"

"आपल्या दावनीचं आपल्याला दिसत न्हाई, बाई," ते न वळता म्हणाले. "व्याही, तुमी बघा."

मी हात धुतले. कपाळावरचा ठसा पिवळसर होता, छातीवरचा किंचित. मांडीवर नव्हता, गुडघ्याखालीही नव्हता. मी तसं सांगितलं.

"नक्की?"

"नक्की."

"नीट दाबलं?"

"नीट दाबलं."

"तळवं?"

"स्वच्छ आहेत."

व्याही खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसून म्हणाले, "तुमाला काय कळतंय त्यातलं!"

दहाच्या तपासणीत आकडा उतरलेला निघाला, पण ते नंतरचं. ओट्यावर त्या वेळी, एवढं बोलूनही, वळून नातीकडे बघायला त्यांना आणखी थोडा वेळ लागला.