टुल्लू कोणाचा?

कोणीच मानलं नाही! आमच्या नळाच्या लाइनीवर कोणीतरी टुल्लू लावून राहिलं, म्हणजे छोटी मोटर बसवून साऱ्यांच्या वाट्याचं पाणी आपल्याच टाकीत ओढून राहिलं, हे मी कवाची ओरडत होती. लाइट गेली की आमच्या खालच्या गल्लीत पाणी येते अन् लाइट आली की नळ खोकलते, हे काय उगाच? पण पारा हासला, सारी वस्ती हासली. "कुसुमबाईले आपल्या सावलीवरही शक येते!"

चौथी शिकलेल्या बाईचं ऐकते कोण? मग पोट्ट्यांले 'चेंज मेकर' बनवणारी संस्था आली, अन् तिथून किस्से असे साचत गेले जसे बिनपाण्याच्या दिवशी मोरीत भांडे. आता एकेक घासते.

*

संस्थेचा निशांत भैया. पाठीवर बॅग, अंगाले सेंटाचा घमघमाट. शाळा सोडलेले, उरल्याच्या कारखान्यात रोजीवर जाणारे, पानठेल्यावर दिवस काढणारे, असे पोट्टे-पोट्टी त्यानं गोळा केले. सगळ्यांले नारंगी टी-शर्ट. माझ्या भावाची प्रज्ञा सगळ्यात पुढं. कॉलेज सुटल्यापासून पोट्टी घरात मुकी बसली राहायची, ती आता सभेत हात वर करू लागली. बैठक भरे वरच्या गल्लीत, तिच्याच अंगणात. माझा मोठा भाऊ मनोहरदादा रेल्वेतून रिटायर झालेला, पाऱ्यात कोणाचं भांडण असो, निवाड्याले तोच. खुर्च्याही त्याच्याच.

मले फुकटचं काही पटत नाही. मी निशांतले धरलंच. "क्यों भैया, इसमें तुम्हारा क्या फायदा?"

"दीदी, हम इनके अंदर की लीडरशिप बाहर निकालते हैं!"

"और निकाल के कहाँ ले जाते हो?"

त्या दिवसापासून तो मले पाहून रस्ता बदलवते.

*

एका दिवशी दादाच्या अंगणात रांगोळीनं पाऱ्याचा नकाशा काढला. घर, नळ, नाली, शाळा, सगळं. निशांत म्हणे, ज्याले जे दुखते तिथं चण्याचा दाणा ठेवा, म्हणजे पहिला प्रश्न कोणता ते समजन. नालीवर थोडे दाणे पडले, शाळेवर थोडे, अन् खालच्या गल्लीच्या नळावर ढीग! बायांनी मुठीच ओतल्या.

निशांत फोटो काढाले मोबाइल शोधत होता, तेवढ्यात नारंगी टी-शर्टवाल्या छत्तीसगढी दुर्गेशची बकरी आली अन् नळावरचे सगळे चणे खाऊन गेली.

प्रज्ञा म्हणे, "घ्या भैया. आमची समस्या कोणीतरी सोडवली."

*

तरी पोट्ट्यांनी पाणीच धरलं. टुल्लू कोणाचा, हे शोधायचं. माझा पहिला शक डेअरीवाल्यावर. रोज म्हशी चकाचक! मी दुर्गेशले म्हटलं, "नारंगी पलटन घेऊन जाय अन् पाहून ये."

गेले ते दुपारीच परतले. सगळे ओलेचिंब, अंगाले शेणाचा वास.

"काय रे, मोटर सापडली काय?"

"नइ काकी," दुर्गेश मान खाली घालून म्हणे. "ओकर घर हैंडपंप हे. कहिस, देखे बर आए हव त चलावव घलो. हमन भइँसा मन ला नहवा के आ गेन!"

मोटर पाहाले गेले अन् हापशी मारून म्हशी धुऊन आले!

*

मग माझा शक संस्थेवरच गेला. ऑफिसच्या वर टाकी, खाली नळ. मी सकाळीच दार वाजवलं अन् सरळ त्यांच्या मोरीत घुसली. नळ सोडला तं फुस्स! टाकीत डोकावली तं तळाले एक मेलेली पाल.

निशांत टॉवेल खांद्यावर टाकून तिथंच उभा. "दीदी, चार दिन से ऐसा ही है।"

एवढा सेंट काहून मारते, ते तवा समजलं!

*

युक्ती काढली प्रज्ञानं. "आत्या, तू म्हणते लाइट गेली की पाणी येते. तं पाण्याच्या टायमाले लाइटच बंद करू! ज्याचा नळ मोटरीच्या जोरावर चालते, तो तेव्हा कोरडा पडन."

सगळी पलटन बिजली ऑफिसात. साहेबानं दोनदा विचारलं, "कटवानी है? जुड़वानी नहीं?"

"कटवानी है, सर. सिर्फ पानी के टाइम।"

साहेबानं चपराशाले हाक मारली. "अरे, इनको चाय पिलाओ। नौकरी में पहली बार कोई अँधेरा माँगने आया है!"

एका सकाळसाठी मानला बिचारा.

आता कोणाकोणाचे नळ पाहायचे, ते ठरत होतं. मी म्हटलं, "दादाचं घर सोडा. त्याच्याकडे बोर हाये, त्याले लाइनीचं पाणी लागतेच कुठं?"

प्रज्ञा म्हणे, "नाही आत्या. सगळे घर म्हणजे सगळे."

मले राग आला. पण पोट्टी खरं बोलत होती, म्हणून म्हटलं, लिहा दादाचंही घर.

*

त्या सकाळी लाइट गेली अन् आमच्या नळाले मनगटाएवढी धार आली! बाया हांडे सोडून नाचू लागल्या. एक म्हातारी तं लुगड्यासकट नळाखाली बसली. पोट्टे घरोघर नळ पाहत फिरले. वरच्या गल्लीत प्रज्ञा एकटीच गेली. परतली तं चेहरा उतरलेला. विचारलं तं म्हणे, "संध्याकाळी सांगते."

संध्याकाळी दादाचं अंगण गच्च. संस्थेची मोठी मॅडम भोपाळहून आलेली. मधल्या खुर्चीत दादा, गळ्यात हार. माइक प्रज्ञाच्या हातात.

मी पुढून ओरडली, "नाव घे वो पोट्टी! कोणाचा मुलाहिजा नको ठेवू!"

निशांत तिच्या कानाशी वाकला. मी पुढंच होती, मले ऐकू आलं. "बेटा, नाम मत लो। जनरल बोल दो, कि समाज को सोचना चाहिए। मैडम बैठी हैं।"

वर्षभर ज्यानं पोट्ट्यांले 'डरो मत' शिकवलं, तोच हा!

प्रज्ञानं त्याच्याकडे पाह्यलंही नाही. माइक दोन्ही हातांनी धरला.

दादानं हार सारखा केला अन् मोठ्यानं म्हणाला, "बोल बेटा, घाबरू नको. मी बसलो हाये ना!"

तिनं बापाकडे पाह्यलं. मग आमच्या गल्लीच्या बायांकडे.

"वरच्या गल्लीत आज लाइनीचा एकच नळ कोरडा होता," ती म्हणाली. "टुल्लू मनोहर रामटेकेचा."