दहापैकी किती, सर?

पाच वर्षं चेन्नईत काढली मी. सुट्टीत सोलापूरला गेले की सगळे विचारणार, "समुद्र कसाय? उकाडा कसाय?" मी म्हणते, समुद्र खारट, उकाडा आपल्यासारखाच, आणि दुसऱ्या मिनिटाला माझी गाडी राव सरांवर! सरांचा एक किस्सा बाहेर काढला ना, की खचाखच भरलेल्या कपाटातून साडी ओढल्यासारखं होतं. एक ओढायला जावं आणि दहा अंगावर!

तर राव सर म्हणजे आमचे घरमालक. अण्णा नगरला त्यांच्या माडीवर मी आणि प्राची राहायचो, दोघी सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. सर रिटायर्ड हेडमास्तर, विषय भूगोल. घराणं तंजावरचं मराठी. त्यांचं मराठी म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी बरणीत घालून ठेवलेलं, वरून तमिळची फोडणी. आपण 'सगळं' म्हणतो, ते 'अस्की' म्हणणार. आणि कुठल्याही पोरीला हाक मारताना शेवटी प्रेमाने 'मा'.

सकाळी साडेसहाला सर व्हरांड्यात बसायचे. एका हातात फिल्टर कॉफी, दुसऱ्या हातात लाल पेन्सिल. इंग्लिश पेपर मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक बातमीला दहापैकी मार्क द्यायचे. होय, मार्क! तिथल्या तिथे, समासात.

मंत्र्याचं भाषण: दोन. ("प्रश्न एक, उत्तर भलतंच.") परदेशातली शांतता परिषद: तीन. ("प्रस्तावना लांब, पुढे कोरा कागद.") हवामान: शून्य.

"शून्य का सर?"

"कालचं उत्तर उतरवलंय मा. कॉपी!"

सातच्या वर मार्क सरांनी जन्मात कुणाला दिले नव्हते. मी कंपनीच्या बसमध्ये चढले की ड्रायव्हरसकट सगळे ओरडायचे, "आज हायेस्ट किती?"

* * *

आता सरांचं दुखणं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

सर दर आठवड्याला त्या पेपरच्या संपादकाला पत्र लिहायचे. एकोणीस वर्षं! आणि छापून आलेली पत्रं? एकही नाही! पहिलं पत्र पाठवलं त्याच दिवशी सरांनी कात्रण लावायला म्हणून एक सागवानी फ्रेम आणली होती. ती टीव्हीच्या वर टांगलेली. रिकामी. नवीन पाहुणा हमखास विचारायचा, "यातला फोटो कुठे गेला?"

सर म्हणायचे, "यायचाय."

पोस्टात टाकण्याआधी प्रत्येक पत्र कमला मामींना वाचून दाखवायचं, हा नियम. मामी म्हणजे सरांच्या पत्नी. बोलणं कमी, आणि नाकासमोर कायम तमिळ साप्ताहिकातली क्रमशः कादंबरी. सरांचं पत्र सुरू झालं की कादंबरी मिटायची आणि बीन्स निवडायला घ्यायच्या. विषय गल्लीतल्या खड्ड्याचा असला तरी सर सुरुवात पृथ्वीच्या उत्पत्तीपासून करायचे.

एकदा मी मामींना हळूच विचारलं, "पत्र किती मोठं होतं आज?"

मामी म्हणाल्या, "दीड किलो."

* * *

प्लूटो आता ग्रह नाही अशी बातमी आली तेव्हा सरांनी कॉफी खाली ठेवली. हे याआधी कधीच झालं नव्हतं.

"तीस वर्षं नऊ शिकवले मा मी! नऊ!"

मला वाटलं, आता संपादकाला चार पानी पत्र. छे! सर थेट पोस्टकार्ड घेऊन बसले. कुंभकोणमच्या शाळेत षण्मुगम नावाच्या मुलाने सातवीच्या पेपरात आठच ग्रह लिहिले होते आणि सरांनी त्याचा अर्धा मार्क कापला होता. हे सरांच्या लक्षात! तो मुलगा आता पन्नाशीचा, तिथे त्याचं भांड्यांचं दुकान.

सरांनी लिहिलं, "चिरंजीव षण्मुगम, तुझं उत्तर बरोबर होतं. अर्धा मार्क वाढवला आहे."

आठ दिवसांनी उत्तर आलं. "सर, अर्धा मार्क पोचला. घरात पेढे वाटले. त्या वेळी दोन छड्यापण खाल्ल्या होत्या, त्यांचं कसं करायचं?"

* * *

टी-ट्वेंटीचा पहिला वर्ल्ड कप आपण जिंकला, ती फायनल आम्ही सरांच्या टीव्हीवरच पाहिली. शेवटची विकेट पडली आणि मी आणि प्राची सोफ्यावर उड्या मारतोय, गल्लीत आरडाओरडा, आणि सर? हाताची घडी घालून बसलेले.

"सर, जिंकलो!"

"टीव्ही काय, काहीही दाखवतो मा. पेपरात येऊं दे."

आणि गेले झोपायला!

सकाळी साडेसहाला आम्ही दोघी धडाधड आवाजाने पलंगावरून पडायच्या बाकी. खाली धावलो तर सर फाटकाबाहेर, धोतर सावरत, दिवाळीच्या उरलेल्या फटाक्यांची माळ लावतायत! पेपरात आलं होतं ना!

आता चेन्नईत भलत्या वेळी घरासमोर माळ वाजली की लोकांना एकच शंका येते. इथे प्रेतयात्रेला फटाके लावतात. पाच मिनिटांत समोरचे, बाजूचे, मागच्या गल्लीतले, सगळे हात जोडून, माना खाली घालून फाटकाशी हजर. एक आजोबा तर डोळे पुसतच आले.

"सर... कोण गेलं?"

सर उत्साहात म्हणाले, "शनिवारी सेमीफायनलला ऑस्ट्रेलिया, काल पाकिस्तान!"

* * *

मग अमेरिकेतल्या बँका बुडायला लागल्या. आमचं प्रोजेक्ट तिथल्याच एका बँकेचं. ऑफिसात सगळ्यांचे चेहरे पांढरे. माझ्या घशाखाली घास उतरेना.

सर रोज सकाळी गुड मॉर्निंगऐवजी विचारायचे, "तुझी बँक आहे कां मा?"

"आहे सर, अजून आहे."

"मग कॉफी घे."

चौथ्या दिवशी सरांनी मला एक कागद ईमेल करायला दिला. पत्ता: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. म्हटलं, मेले, पृथ्वीच्या उत्पत्तीपासून टाइप करायला लागणार. पण नाही! सरांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्र होतं ते.

"महोदय, माझ्या माडीवरची मुलगी चार दिवस नीट जेवलेली नाही. कृपया त्वरित योग्य ती कारवाई करावी."

बँक वाचली बरं का! आमचा टीम लीड अजून म्हणतो की काहीतरी मोठं पॅकेज आलं म्हणून वाचली. त्याला काय माहीत!

* * *

आपलं यान चंद्राकडे झेपावलं तेव्हा बसमध्ये पैजा लागल्या होत्या. सर दहा देणार की नऊ?

सरांनी बातमी तीनदा वाचली. "बेष!" म्हणाले. हा त्यांचा सगळ्यात मोठा शब्द. मग पेन्सिल चालली: आठ! इतिहासातला हायेस्ट! बसमध्ये टाळ्या पडल्या.

मामी तेवढ्यात हंडा घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. पाण्याची लॉरी तीन दिवस आलेली नव्हती.

"तिकडे वर पाणी सापडलं तर सांगा हो," मामी म्हणाल्या, "रांगेत पहिला नंबर माझा लावा."

* * *

आता शेवटचा. हा सांगताना मी अजून उभी राहते.

मागच्या वर्षी सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवं फडकं, आठवडाभर वाचायला बंदी. पेपर मी वाचायचा, मार्क सर तोंडी देणार, पेन्सिल माझ्या हातात. काय रुबाब माझा!

पहिल्याच दिवशी म्हणाले, "आधी पत्रांचं पान काढ. ऑपरेशनच्या आधी एक टाकलंय."

मी पान उघडलं. वरून खाली बघत आले. सरांचं नाव नव्हतं. पण सगळ्यात खाली, चार ओळींचं एक पत्र, आणि त्याच्याखाली नाव... मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत बीन्स निवडण्याचा आवाज येत होता. एकदम बंद झाला.

"आहे कां मा?"

"तुमचं नाहीये सर."

"हं." सर खुर्चीत जरा खाली सरकले. मग म्हणाले, "कुणाचं आहे ते वाच. बघूं दे, लोक काय असं लिहितात ते."

मी घसा साफ केला आणि वाचलं.

"महोदय, माझे पती गेली एकोणीस वर्षं आपल्याला दर आठवड्याला पत्र लिहीत आहेत. आपण ती छापत नाही म्हणून ते मला ती वाचून दाखवतात. कृपया एक तरी छापावे, म्हणजे मला माझी कादंबरी पुढे वाचता येईल. आपली, कमलाबाई, अण्णा नगर."



"पुन्हा वाच," सर म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"किती ओळी?"

"चार, सर."

"पृथ्वीची उत्पत्ती नाही?"

"नाही सर."

सरांनी कॉफी चाचपत खाली ठेवली. मग म्हणाले, "मा, ती फ्रेम खाली काढ."

मी स्टुलावर चढून फ्रेम काढली, पुसली. सरांनी कात्री मागवली. डोळ्याला फडकं, तरी स्वतः कापायला निघाले होते, मी कात्री हिसकावून घेतली. कात्रण आत सरळ बसवलं. मग मी लाल पेन्सिल उचलली.

"दहापैकी किती, सर?"

"नऊ."

मामी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात बीन्सची सुपली तशीच.

"नऊच?" मामी म्हणाल्या. "एक कशाला कापला?"

सर म्हणाले, "नवऱ्याचं नांव नाहीं!"